रोगजंतू पिकात शिरतात कोठून? दुर्ग-भिलाई पट्ट्यातील धान व टोमॅटोच्या निमित्ताने

भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुरांडी मागे पडली की धानाच्या बांध्या सुरू होतात. पश्चिमेकडे राजनांदगाव, डोंगरगड ओलांडून रेल्वे गोंदियात शिरते, तरी दृश्य फारसे बदलत नाही. राज्याची सीमा मध्ये येते. पीक, पाऊस आणि रोग मात्र तेच राहतात. दुर्ग जिल्ह्यातील धमधा परिसर टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे आणि तांदुळा कालव्याच्या पाण्यावर धान पोसले जाते. या दोन पिकांवर दरवर्षी जे दोन रोग हमखास चर्चेत असतात, त्यांपैकी एक जिवाणूचा आणि दुसरा विषाणूचा. धानावरील कडा करपा हा जिवाणूजन्य आहे. टोमॅटोची पाने आकसवून मुरडणारा रोग, ज्याला अनेक ठिकाणी बोकड्या म्हटले जाते, तो विषाणूजन्य आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही ‘रोगच’. त्यामुळे दोन्हींसाठी तो कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘औषध’ मागतो आणि ते त्याला मिळतेही. बहुतेक वेळा पैसा इथेच वाया जातो. जिवाणू आणि विषाणू यांची पिकात शिरण्याची रीत मुळातच वेगळी आहे. एक दाराबाहेर बसून घर लुटतो, दुसऱ्याला स्वतःचे दारच उघडता येत नाही. हा फरक उमगला तर कोणत्या दिवशी काय करावे आणि कशावर खर्च करू नये, हे बऱ्याच अंशी आपोआप ठरते.

वनस्पतीच्या पेशीचे कवच

जनावराच्या आणि वनस्पतीच्या पेशीत एक मोठा भेद आहे. जनावराच्या पेशीला बाहेरून केवळ पातळ, लवचीक पटल असते. या पटलावर निरनिराळ्या आकारांची प्रथिने असतात आणि विषाणू त्यांतील एखाद्याला कुलपात किल्ली बसावी तसा चिकटतो. लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू इंटेग्रिन नावाच्या प्रथिनाला धरतो. पेशी त्याला आपल्याच पटलाच्या पिशवीत गुंडाळून आत ओढून घेते. त्या पिशवीत आम्लता वाढली की विषाणूचे कवच उकलते आणि त्यातील जनुकीय द्रव्य पेशीत मोकळे होते. आम्लाने उकलणारा हा विषाणू आम्ल-अल्कलीला फार नाजूक असतो. गोठा धुण्यासाठी ४ टक्के धुण्याच्या सोड्याचे द्रावण सुचवले जाते त्याचे कारण हेच. लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूला चिकटून त्याची ‘किल्ली’ झाकून टाकतात, म्हणून लस उपयोगी पडते.

वनस्पतीत यांपैकी काहीच नसते. पेशीपटलाच्या बाहेर सेल्युलोजची जाड भिंत असते, तिच्यापुढे विषाणूची किल्ली निरुपयोगी ठरते. शिवाय वनस्पतीत प्रतिपिंडे तयार होत नाहीत, त्यामुळे जनावरांसारखी लसही तिला देता येत नाही. ‘झाडाला लस’ म्हणून कोणी काही विकत असेल, तर विस्तार कार्यकर्त्यांनी त्या बाटलीवरील घटक आधी वाचावेत.

पानावरील थेंबांतून वाट

कडा करप्याच्या जिवाणूचे नाव झँथोमोनास ओरायझी. त्याची लांबी एक ते दोन मायक्रॉन असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे पाचशेहून अधिक जिवाणू ओळीने मावतील. जपानमध्ये हा रोग १८८४ मध्ये फुकुओका भागातील शेतकऱ्यांच्या लक्षात आला. भारतात त्याची पहिली नोंद आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर, १९५१ मध्ये झाली. १९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली आणि तेव्हापासून त्याच्याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. पुढे अधिक नत्र घेणाऱ्या बुटक्या जाती सर्वत्र पसरल्या, तशी या रोगाची व्याप्तीही वाढली. छत्तीसगडात व पूर्व विदर्भात आवडीने लावली जाणारी ‘स्वर्णा’ ही जात त्याला सहज बळी पडते.

पावसाळ्यात पहाटे धानाच्या पानांच्या कडांवर आणि टोकांवर मोत्यांसारखे थेंब दिसतात. पुष्कळांना ते दव वाटते. प्रत्यक्षात त्यांतील बरेचसे पाणी झाडाने स्वतः बाहेर टाकलेले असते. मुळांनी रात्रभर शोषलेले जादा पाणी पानाच्या कडेवरील जलरंध्रे नावाच्या बारीक छिद्रांतून बाहेर येते. पानावर पोहण्याची क्षमता असलेले जिवाणू असले, तर ते या थेंबांत वाढतात. ऊन चढले, पानातून बाष्पीभवन सुरू झाले की थेंबाचा काही भाग पुन्हा आत ओढला जातो आणि जिवाणूही त्याबरोबर आत जातो. पर्णरंध्रांप्रमाणे जलरंध्रे गरजेनुसार घट्ट मिटत नाहीत, म्हणून ही वाट त्याला फारशी अडवली जात नाही. करपा पानाच्या टोकापासून व कडेने खाली उतरतो, त्याची पिवळट कड नागमोडी असते, याचे मूळ या प्रवेशद्वारात आहे. याच जिवाणूचा एक जवळचा भाऊबंद पर्णरंध्रांतून शिरतो. त्याची लक्षणे मात्र शिरांच्या मधल्या भागात बारीक, अर्धपारदर्शक रेषांच्या रूपात दिसतात. एकाच कुळातील दोन जिवाणूंचे दार बदलले आणि रोगाचे चित्रही बदलले.

दुसरे दार माणूसच उघडतो. पऱ्हे उंच वाढले की रोवणीपूर्वी त्यांचे शेंडे कापण्याची रीत अनेक गावांत आहे. कापलेल्या प्रत्येक टोकातून जलवाहिन्या उघड्या पडतात आणि चिखलातील जिवाणू थेट त्यांत जातो. उपटताना तुटलेली मुळे हीही अशीच वाट. रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत चूड वाळून जातो, त्याला खोडकिडीचे ‘कीडमर’ समजून कीटकनाशक टाकले जाते आणि खरा रोग तसाच राहतो. जिथे आदल्या हंगामात कडा करपा होता, तिथे शेंडे कापणे हे या रोगाला निमंत्रण आहे. मजुरी वाचते म्हणून ते केले जाते हे खरे, पण योग्य वयाची रोपे रोवली तर कापण्याची गरजच पडत नाही.

भिंतीबाहेर बसलेला चोर

आता आश्चर्याची गोष्ट. हा जिवाणू पानात शिरतो, पण धानाच्या जिवंत पेशीत तो कधीच जात नाही. तो राहतो जलवाहिन्यांत. पक्व जलवाहिनी ही मृत पेशींची पोकळ नळी असते. तिच्यातून पाणी व क्षार वाहतात, साखर नगण्य. मग तेथे लाखोंनी वाढणारा जिवाणू खातो काय?

त्याच्याजवळ यासाठी दोन हत्यारे असतात. एक म्हणजे विकरे. ती पेशींची भिंत थोडी थोडी विरघळवतात. दुसरे अधिक धूर्त आहे. जिवाणूच्या अंगावर सुईसारखी पोकळ नळी तयार होते. वाहिनीला लागून असलेल्या जिवंत पेशीच्या पटलाला ती भिडते आणि जिवाणू तिच्यातून आपली प्रथिने त्या पेशीत सोडतो. स्वतः बाहेर, हात मात्र आत.

या प्रथिनांपैकी काहींना टेल प्रथिने म्हणतात. ती पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतात, धानाच्या गुणसूत्रावरील नेमकी एक जागा ओळखून तिला चिकटतात आणि तेथील जनुक चालू करतात. हे जनुक असते साखर पेशीबाहेर सोडणाऱ्या प्रथिनाचे. त्या कुळाला शास्त्रज्ञांनी स्वीट असे नाव दिले आहे. पेशी आपल्याच हाताने साखरेचा नळ उघडते आणि वाहिनीत बसलेल्या जिवाणूचे पोषण करते. टेल प्रथिने गुणसूत्रावरील जागा कशी ओळखतात याचे कोडे २००९ मध्ये सुटले. त्यानंतर त्याच प्रथिनांच्या धर्तीवर जनुकसंपादनाची साधने तयार झाली. रोगजंतूचे हत्यार प्रयोगशाळेचे अवजार झाल्याची ही चांगली उदाहरणे आहेत.

जिवाणूची संख्या वाढत जाते, त्यांचा चिकट स्राव वाहिन्या तुंबवतो, पान वरून वाळत येते. सकाळी वाळत्या कडेवर पिवळट चिकट थेंब दिसतात, ते वाळून खसखशीएवढे मणी होतात. वादळी पावसात हेच मणी विरघळून शेजारच्या पानांवर उडतात, बांधीतील पाण्यात उतरतात आणि पाणी एका बांधीतून दुसरीत सोडले की पुढे जातात. कालव्याखालच्या सलग धानपट्ट्यात रोग वरच्या बांधीकडून खालच्या बांधीकडे उतरत जाण्यामागे हेच कारण असते. साधारण २५ ते ३४ अंश तापमान, दमट हवा आणि वाऱ्यासह पाऊस म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचे नेहमीचे हवामान त्याला मानवते. नत्र जास्त पडले असेल तर पाने मऊ, दाट आणि जास्त काळ ओली राहतात. लागण तीव्र असेल आणि लवकर आली तर उत्पादन निम्म्यापर्यंत घटू शकते.

फवारणी इथे का फसते, हे आता लक्षात येईल. तांब्याचे औषध पानाच्या पृष्ठभागावर राहते, जिवाणू मात्र वाहिनीच्या आत असतो. प्रतिजैविके थोडी आत जातात, पण पुरेशी नाहीत. उलट वारंवार वापराने प्रतिकारक्षम जिवाणू निवडले जातात. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा आदेश काढला, त्यामागे माणसांच्या व जनावरांच्या उपचारांतील प्रतिजैविके निकामी होण्याची चिंता होती. जुन्या शिफारसपत्रकांत ही औषधे अजूनही छापलेली आढळतात. विस्तार कार्यकर्त्यांनी ती तशीच पुढे न देता चालू शिफारस तपासावी. रोग दिसताच नत्राचा पुढचा हप्ता थांबवणे, बांधीतील पाणी काही दिवस काढून टाकणे, मात्र ते शेजारच्या निरोगी बांधीत न सोडणे, पालाशाची कमतरता असल्यास ती भरून काढणे, या गोष्टी फवारणीपेक्षा अधिक उपयोगी ठरतात. धसकटे व बांधावरील गवतांत जिवाणू तग धरतो, त्यांची साफसफाई हंगामापूर्वीच व्हायला हवी.

कुलूप बदलण्याची विद्या

जिवाणूची रीत समजल्यावर पैदासकारांनी त्याच्या प्रत्येक टप्प्यावर अडसर घातला. हैदराबाद येथील भात संशोधन संचालनालय आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजे सीसीएमबी, यांनी मिळून ‘सुधारित सांबा मसुरी’ ही जात विकसित केली. ती २००८ मध्ये प्रसारित झाली. सांबा मसुरी ही मूळ जात बापटला येथून १९८६ मध्ये आलेली, बारीक दाण्याची, पण कडा करप्यापुढे हतबल. तिच्यात नेहमीच्या संकरातून, जनुकखुणांच्या आधारे निवड करीत, तीन प्रतिकारक जनुके आणली गेली. जनुकीय अभियांत्रिकी त्यात नाही.

त्यांपैकी एक्सए १३ हे स्वीट जनुकाचेच बदललेले रूप आहे. जिवाणूचे प्रथिन जेथे चिकटते ती जागाच त्यात वेगळी असल्याने नळ उघडत नाही. एक्सए ५ मध्ये धानाच्या स्वतःच्या यंत्रणेतील एका प्रथिनाचा एकच घटक बदललेला असतो, त्यामुळे टेल प्रथिनाला जनुक चालू करण्यासाठी लागणारा मदतनीस मिळत नाही. एक्सए २१ ची गोष्ट वेगळी. हे जनुक आफ्रिकेतील मालीच्या एका रानधानातून आले. कटकच्या भात संशोधन संस्थेत त्या रानधानाची प्रतिकारशक्ती लक्षात आली, गुरुदेव खुश यांच्या गटाने फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत ती लागवडीच्या धानात उतरवली आणि १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने जनुक वेगळे काढले. ते पेशीच्या पटलावर पहारेकरी उभा करते. जिवाणूने सोडलेला एक छोटा प्रथिनतुकडा ओळखून तो पेशीला सावध करतो.

एकच जनुक असलेली जात काही वर्षांत हार खाते, कारण जिवाणू आपली किल्ली बदलतो. तीन जनुके एकत्र असली तर त्याला एकाच वेळी तीन अडथळे ओलांडावे लागतात. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातील धानसंग्रहाचे मोल इथे समजते. डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात छत्तीसगडच्या गावागावांतून जमवलेल्या १९ हजारांहून अधिक नमुन्यांचा तो पाया आहे. रायपूरजवळ बरौंडा येथील राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था, जी २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राला अर्पण झाली, पिकांवरील रोग-किडींच्या अशाच प्रश्नांसाठी उभारली गेली आहे.

सोंडेवर बसून येणारा विषाणू

टोमॅटोच्या बोकड्याकडे वळले की चित्र एकदम बदलते. या विषाणूचा आकार जिवाणूच्या तुलनेत इतका लहान की एका जिवाणूच्या लांबीत पन्नासच्या आसपास विषाणू मावावेत. त्याला पोहता येत नाही, भिंत विरघळवता येत नाही, सुईही नाही. तो पूर्णपणे पांढऱ्या माशीवर अवलंबून आहे.

माशी रोगट झाडाच्या रसवाहिनीत सोंड खुपसून रस पिते तेव्हा विषाणू तिच्या पोटात जातो. तेथून आतड्याची भिंत ओलांडून तो तिच्या रक्तासारख्या द्रवात, मग लाळग्रंथीत पोहोचतो. या प्रवासाला काही तास लागतात. त्यानंतर माशी जवळजवळ आयुष्यभर विषाणू पसरवत राहते. निरोगी झाडावर बसून तिने लाळेसह सोंड रसवाहिनीत घातली की अर्ध्या तासाच्या आत काम होते. भिंत भेदण्याचे कष्ट माशीने घेतले, विषाणू आयताच आत पोहोचला. मग तो केंद्रकात जातो आणि पेशीच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती करवून घेतो. शेजारच्या पेशीत जाण्यासाठी पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग तो स्वतःच्या प्रथिनाने रुंद करतो. म्हणजे भिंत त्याने एकदाही फोडलेली नसते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, झाडात शिरलेल्या विषाणूला मारणारे फवारणीचे औषध नाही. बाजारात ‘व्हायरसवरचे’ म्हणून मिळणारी बहुतेक द्रव्ये पोषके किंवा उत्तेजके असतात. पान हिरवे होते, त्याने समाधान वाटते, विषाणू मात्र जागेवरच राहतो. दुसरी, बाहेरून आलेली विषाणूवाहक माशी मरायच्या आधीच लागण करून मोकळी होते, कारण कीटकनाशकाला तास लागतात आणि तिला मिनिटे पुरतात. फवारणीने शेतात वाढणाऱ्या माशांची संख्या कमी होते, पहिला शिरकाव थांबत नाही. म्हणून खरी लढाई रोपवाटिकेत आहे. रोपे ४० ते ५० मेशच्या कीडरोधक जाळीत वाढवली, तर सर्वांत नाजूक पहिले तीन-चार आठवडे माशी रोपापर्यंत पोहोचत नाही. लहान वयात लागण झालेले झाड जवळपास काहीच देत नाही. फळे धरल्यावर लागण झाली तर नुकसान पुष्कळ कमी. जाळीचा खर्च एका हंगामातील अनावश्यक फवारण्यांपेक्षा क्वचितच जास्त असतो. लागवडीनंतर पहिल्या महिन्यात दिसलेली रोगट झाडे उपटून पिशवीत भरून बाहेर नेणे, कडेने मक्याच्या दाट ओळी लावणे, बेंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेच्या ‘अर्का रक्षक’सारखे प्रतिकारक संकरित वाण निवडणे, यांचा उपयोग त्या पुढचा.

टोमॅटोवर मोझॅक गटातील काही विषाणू माशीचीही वाट पाहत नाहीत. मजुराच्या हातातील तंबाखूवरून, खुरप्यावरून किंवा कपड्यांवरून ते येतात आणि पानावरची लव मोडली की त्या सूक्ष्म जखमेतून शिरतात. बांधणी व छाटणी करणाऱ्यांनी तंबाखू न चोळता, हात साबणाने धुऊन काम करावे, असे सांगितले की अनेकांना ते हास्यास्पद वाटते. कारण सांगितले तर मात्र पटते.

ग्लासातील परीक्षा

टोमॅटोचे आणखी एक दुखणे, हिरवे झाड अचानक कोमेजणे, हे मातीतील राल्स्टोनिया या जिवाणूचे असू शकते. तो मुळांच्या जखमांतून, नवी उपमुळे फुटतात तेथल्या फटींतून आणि सूत्रकृमींनी केलेल्या छिद्रांतून शिरून जलवाहिन्या तुंबवतो. त्यावर फवारणी पूर्णपणे निरर्थक असते. वांग्याच्या प्रतिकारक खुंटावर टोमॅटोचे कलम हा उपाय आता उपलब्ध आहे, कारण त्यात जिवाणूच्या वाटेवरील मूळच बदललेले असते.

शेतातच निदान करायचे असेल तर स्वच्छ पाण्याचा काचेचा ग्लास पुरतो. कोमेजलेल्या टोमॅटोच्या बुंध्याचा दोन-तीन इंचांचा तुकडा धारदार चाकूने कापून पाण्यात टांगला, तर काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरताना दिसतो. बुरशीजन्य मर असेल तर तो दिसत नाही. धानासाठी पानाच्या पिवळ्या व हिरव्या भागाच्या सीमेवरील तुकडा कापून एक टोक पाण्यात उभे धरावे. पाणी कापलेल्या जागी गढूळ झाले तर जिवाणू. पालाशाची कमतरता किंवा उन्हाने करपलेले पान असेल तर पाणी स्वच्छ राहते. विषाणूची अशी सोपी परीक्षा नाही. त्यासाठी पानांचे नमुने कोवळ्या, नुकतीच लक्षणे दिसू लागलेल्या शेंड्यांतून सकाळी घ्यावेत, कागदी पाकिटात ठेवावेत, ओल्या पिशवीत बंद करू नयेत, आणि पिकाचे नाव, वाण, लागवडीची तारीख व पहिले लक्षण दिसल्याचा दिवस लिहून त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पोहोचवावेत.